नवे सेल घालण्याआधी थांबा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की १९८०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या खेळण्यांच्या झुंबडीची आठवण हमखास छापून येते. १९८३ची कॅबेज पॅच बाहुली, १९८५चा बोलणारा अस्वल टेडी रक्स्पिन, त्यानंतर घराघरात गेलेले व्हिडिओ गेमचे यंत्र निन्टेंडो आणि या सगळ्यांच्या आधी आलेला रुबिकचा क्यूब. आपल्या रविवार पुरवणीतला या विषयावरचा लेख मनापासून आवडला. एक वाक्य मात्र खटकले. ‘ही खेळणी आता चालत नाहीत, ती फक्त कपाटात मांडून बघायची’, असे लेखात म्हटले आहे. तसे नाही. त्यातली पुष्कळ खेळणी आजही चालू होतात. ती कायमची बिघडतात ती बहुधा पोटमाळ्यावरून खाली आल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत, चालतेय का हे बघण्याच्या घाईत. कोणी नवे सेल घालून कळ दाबतो, कोणी बाहुली धुवायच्या यंत्रात टाकतो, कोणी अस्वलाचा जबडा बोटाने हलवून बघतो.

ही घाई महागात पडते, कारण तुटलेला भाग आता कंपनीकडून मिळत नाही. कॅबेज पॅच बाहुल्या मोठ्या प्रमाणावर बनवणारी कोलेको १९८८ मध्ये दिवाळखोरीत गेली. टेडी रक्स्पिन बाजारात आणणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या वर्ल्ड्स ऑफ वंडरवर तीच वेळ १९८७च्या अखेरीस आली. त्यामुळे आज एखाद्या अस्वलाचे दंतचक्र हवे असेल, तर ते दुसऱ्या बंद पडलेल्या अस्वलातूनच काढावे लागते.

सेलवर चालणारे कोणतेही जुने खेळणे हाती आले की पहिली नजर सेलच्या खोबणीत टाकावी. आत विसरलेले अल्कलाइन सेल गळलेले असतील तर स्प्रिंगवर आणि पत्र्यावर पांढरी, भुसभुशीत साय दिसते. सेलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन हवेशी मिसळले की ही साय बनते. ती क्षारयुक्त असते, म्हणून तिला आम्ल लागते. हातमोजे आणि चष्मा घालून, कापसाची काडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात जेमतेम ओली करून पुसावे. फसफस थांबली की पाण्याने ओलावलेली काडी फिरवावी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. जुन्या झिंक-कार्बन सेलची गळती मात्र आम्लधर्मी असते, तिला खाण्याच्या सोड्याचे पाणी हवे. कोणताही द्रव खोबणीत ओतू नये, तो आतल्या सर्किटपर्यंत जातो.

पत्रा चकचकीत झाला म्हणजे काम झाले असेही नाही. गळती तारेच्या आवरणाखालून वर चढते. स्प्रिंगला जोडलेल्या तारेचे आवरण टोकाला अर्धा सेंटिमीटर सोलून पाहावे. आतले तांबे लालसर, चमकदार असेल तर ठीक. काळे पडले असेल तर त्यावर सोल्डरिंगचा टाका बसत नाही. लाल तांबे दिसेपर्यंत तार मागे कापत जावे आणि तिथून नवी तार जोडावी. खोबणी स्वच्छ आणि सेल नवे, तरी खेळणे मुके, अशी तक्रार असते तेव्हा दोष पुष्कळदा या काळ्या तारेत निघतो.

आता टेडी रक्स्पिन. सुमारे ७० डॉलर किंमत असूनही लोकांनी त्याच्यासाठी रांगा लावल्या, आणि आतली करामत बघितली की त्याचे नवल वाटत नाही. डिस्नेत काम केलेल्या केन फोर्स यांची ही कल्पना. अस्वलाच्या पाठीत कॅसेट प्लेअर आहे. स्टीरिओ कॅसेटवर दोन ट्रॅक असतात. इथे एका ट्रॅकवर गोष्ट आहे आणि दुसऱ्यावर डोळे, वरचा जबडा आणि खालचा जबडा हलवणाऱ्या तीन सर्व्हो मोटरींसाठी संकेत. गोष्ट आणि ओठ एकाच फितीवरून निघतात, म्हणून त्यांचा मेळ कधी चुकत नाही. एवढे समजले की दोष कुठे आहे हे लक्षणांवरूनच कळू लागते.

आवाज जड आणि रेंगाळणारा येत असेल तर आधी चारही ‘सी’ मापाचे सेल बदलावेत. फरक पडला नाही तर रबरी पट्टा सैल झाला आहे. जुने रबर कधी ताणून ढिले पडते, कधी डांबरासारखे वितळून चाकांना चिकटते. नवा पट्टा बसवण्याआधी ते डांबर अल्कोहोलने पूर्ण काढावे, नाहीतर नवा पट्टाही घसरतो. माप घ्यायला जुना पट्टा उपयोगाचा नाही, कारण तो लांबलेला असतो. पट्टा ज्या वाटेने जातो त्या वाटेने चाकांभोवती दोरा फिरवावा, त्याची लांबी मोजावी आणि तिच्यापेक्षा पाच ते दहा टक्के कमी घेराचा पट्टा घ्यावा. त्याहून घट्ट घेतला तर मोटरीच्या आसावर ताण येतो आणि आवाजात लाटा येतात.

आवाज स्वच्छ, पण तोंड मिटलेलेच, ही दुसरी तक्रार. इथे लोक लगेच अस्वल उसवतात. त्याआधी एक सोपी चाचणी करावी. तीच कॅसेट साध्या स्टीरिओ प्लेअरमध्ये लावावी. एका स्पीकरमधून गोष्ट आणि दुसऱ्यातून अखंड गुणगुण ऐकू आली तर कॅसेट ठणठणीत आहे. गुणगुण नसेल किंवा मध्येच तुटत असेल तर दोष फितीत आहे, अस्वलात नाही. कॅसेट चांगली निघाली तर अस्वलातले हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, अल्कोहोलच्या काडीने पुसावे आणि काडीवर तपकिरी डाग येणे थांबेपर्यंत काड्या बदलत राहावे. ऐकायच्या ट्रॅकवर थोडी घाण चालते, आवाज फक्त किंचित दबतो. संकेताच्या ट्रॅकवर तेवढ्याच घाणीने ठोके गळतात आणि जबडे वेडेवाकडे हलतात किंवा हलतच नाहीत. हेडशेजारचा छोटा स्क्रू मात्र फिरवू नये. त्याने हेडचा कोन ठरतो आणि एकदा बिघडलेला कोन अंदाजाने परत येत नाही.

डोळे हलतात पण एकच जबडा अडतो, किंवा आतून ठरावीक अंतराने ‘टक्… टक्…’ असा आवाज येतो, तेव्हा सर्व्होचे प्लास्टिकचे दंतचक्र फुटलेले असते. धातूच्या दांडीवर दाबून बसवलेले प्लास्टिक वर्षानुवर्षे आक्रसते आणि दोन दातांच्या मधल्या खाचेत चिरते. भिंग धरून पाहिले तर केसाएवढी रेघ दिसते. त्या रेघेमुळे तिथले दोन दात नेहमीपेक्षा दूर सरकतात आणि प्रत्येक फेरीत तिथे येऊन चाक अडखळते. झटपट चिकटणारा गोंद इथे टिकत नाही, कारण दांडीचा आतून येणारा दाब तसाच राहतो. तेवढ्याच दातांचे आणि तेवढ्याच व्यासाचे दुसरे चक्र बसवणे हाच उपाय. जबडा हाताने हलवू नये तो याचसाठी. बोटाचा जोर उलट्या दिशेने थेट या चक्रांवर येतो.

अशा कॅसेटची डिजिटल प्रत करून ठेवणारे वाढले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्यात एक चूक सर्रास होते. रेकॉर्डिंग मोनो केले की गोष्ट आणि संकेत एकमेकांत मिसळतात आणि ती प्रत अस्वलासाठी निरुपयोगी ठरते. दोन्ही ट्रॅक वेगळे ठेवावेत, प्लेअरमधली डॉल्बी ही फितीची सरसर दाबणारी सोय बंद ठेवावी आणि फाइल दाबून लहान करू नये. नवी प्रत करण्याआधी कॅसेटच्या तोंडाशी असलेली नमद्याची इवलीशी गादी जागेवर आहे का तेही पाहावे. तिचा गोंद वाळतो, ती गळून पडते आणि फीत हेडला नीट टेकत नाही. दुसऱ्या एखाद्या टाकाऊ कॅसेटमधली गादी तिथे बसवता येते.

निन्टेंडोविषयी आपल्या लेखासोबत जे चित्र छापले आहे, त्यात मुलगा कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेम असलेल्या प्लास्टिकच्या डबीत, फुंकर मारताना दाखवला आहे. ही सवय त्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येकाला होती आणि ती चुकीची होती. अमेरिकेत १९८३ मध्ये व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. दुकानदार गेमचे नावही ऐकून घ्यायला तयार नव्हते. म्हणून १९८५च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये चाचणीसाठी आणलेले हे यंत्र मुद्दाम व्हिडिओ रेकॉर्डरसारखे घडवले गेले. कार्ट्रिज समोरून सरकवायचे आणि खाली दाबायचे. खरे दुखणे या मांडणीत आहे. आतल्या ७२ पिनांच्या जोडणीत प्रत्येक पिन स्प्रिंगसारखी असते. दर वेळी कार्ट्रिज खाली दाबले की ती थोडी वाकते आणि काही वर्षांनी तिची पकड जाते.

त्यात भर अनधिकृत गेम रोखणाऱ्या कुलपाच्या चिपची. यंत्रात एक आणि कार्ट्रिजमध्ये एक अशा दोन चिप सतत एकमेकींशी बोलत असतात. संवाद तुटला की यंत्र स्वतःला पुन्हा चालू करते, साधारण सेकंदाला एकदा. लुकलुकणारा लाल दिवा म्हणतात तो हाच. म्हणजे दिवा लुकलुकतो तेव्हा यंत्र मेलेले नसते, एखादी पिन टेकत नसते. फुंकर मारून पुन्हा घातले की चालायचे, ते पुन्हा घातल्यामुळे. फुंकरीतली वाफ मात्र तांब्याच्या पट्ट्यांवर राहायची आणि त्या हळूहळू हिरव्या-काळ्या पडायच्या.

योग्य रीत अशी. ९० टक्के किंवा त्याहून जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काडी बुडवून कार्ट्रिजच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी, उभ्या दिशेने पुसाव्यात. मग कोरडी काडी, मग पाच मिनिटे थांबणे. बहुतेक कार्ट्रिजना हे पुरते. पट्ट्या फारच काळ्या असतील तर कवच उघडावे. त्याला ३.८ मिलिमीटरचा खास पेचकस लागतो, अगदी सुरुवातीच्या कार्ट्रिजना मात्र साधे स्क्रू होते. काळेपणा मऊ पांढऱ्या खोडरबराने निघतो. सँडपेपर कधीही वापरू नये, वरचा पातळ मुलामा गेला की पट्टी दुप्पट वेगाने काळवंडते.

चार-पाच स्वच्छ कार्ट्रिज घालूनही दिवा लुकलुकत असेल तर दोष यंत्राच्या जोडणीत आहे. तळाचे सहा स्क्रू काढावेत, वरचे झाकण आणि धातूचे कवच उचलावे, कार्ट्रिजचा ट्रे सोडवावा, म्हणजे जोडणी मागच्या बाजूने सरकून निघते. बाजारात तिच्या नव्या नकला मिळतात आणि लोक आधी त्याच आणतात. माझे मत उलट आहे. पुष्कळ नव्या जोडण्या इतक्या घट्ट असतात की कार्ट्रिज दोन्ही हातांनी ओढावे लागते आणि तिच्या पट्ट्या खरवडल्या जातात. मूळ जोडणी सुटी काढून, इतर काही न लावता, पाच ते दहा मिनिटे पाण्यात उकळावी, झटकावी आणि पूर्ण एक दिवस वाळू द्यावी. पिनांमधला चिकट थर सुटतो आणि पकड बरीचशी परत येते. ओली जोडणी बसवून वीज दिली तर सर्किटच जाते, तेव्हा त्या एका दिवसात काटकसर नको.

अडॅप्टरची अदलाबदल हा आणखी एक धोका. अमेरिकन निन्टेंडोचा अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो आणि यंत्र आत त्याचे डीसी करते. त्याच गेमचे जपानी यंत्र फॅमिकॉम डीसीवर चालते. अमेरिकन अडॅप्टर त्याला लावला की ते जळते. पिन बसते म्हणून लावून बघू नये, अडॅप्टरवरची ओळ वाचावी.

१९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘लेजेंड ऑफ झेल्डा’च्या सोनेरी कार्ट्रिजमध्ये खेळ साठवण्यासाठी ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल असतो. तो संपला की गेम चालतो, पण साठवलेले काही राहत नाही. सेलच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या जिभा जोडलेल्या असतात, म्हणून जिभांसकट मिळणारा सेल आणावा आणि टाका जिभांवर द्यावा. नाण्यासारख्या सुट्या सेलवर थेट गरम टाका दिला तर तो फुटू शकतो. जुना सेल काढताच आधीचा साठवलेला खेळ पुसला जातो, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवावे. आणि या गेममध्ये वीज बंद करताना रिसेट दाबून धरायचे असते. न धरता बंद केले तर साठवण नवा सेल असूनही बिघडू शकते.

कॅबेज पॅच बाहुलीला सेल नाही, तार नाही, तरी सर्वाधिक नुकसान तिचेच होते, पाण्याने. जॉर्जियातल्या क्लीव्हलँड गावच्या झेवियर रॉबर्ट्स यांच्या कापडी बाहुल्यांवरून कोलेकोने १९८३ मध्ये ही १६ इंची बाहुली आणली. डोके व्हिनाइलचे, केस लोकरीसारख्या धाग्याचे, अंग कापडाचे. सोबत जन्मदाखला आणि दत्तकाची कागदपत्रे. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे ३० लाख बाहुल्या गेल्या आणि दुकानांत धक्काबुक्की झाली, हे आपल्या लेखात आलेच आहे. डोके पोकळ असते, हे त्यात आलेले नाही. बाहुली यंत्रात धुतली की डोक्यात पाणी शिरते, मानेतून बाहेर पडत नाही आणि आत बुरशी धरते. काही महिन्यांनी चेहऱ्यावर आतून हिरवट-काळे ठिपके उमटतात. मग बाहेरून कितीही घासा, ते जात नाहीत.

नीट धुवायची तर डोके वेगळे करावे लागते. मानेचे कापड वर सारले की डोके आवळून धरणारा बांध सापडतो. तो कापावा, डोके काढावे, अंगाची एक शिवण उसवून भरण बाहेर घ्यावे, कापड कोमट पाण्यात हाताने धुवावे, सावलीत खडखडीत वाळवावे, पुन्हा भरून मानेला नवा प्लास्टिकचा केबल टाय घट्ट ओढून लावावा. केसांना ब्रश लावू नये, धागा सुटून पिंजतो. बोटांनी एकेक बट मोकळी करावी. चेहऱ्यावरचे पेनाचे डाग आणि ठिपके यांवर मुरमांसाठी मिळणारे १० टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम चालते. डागापुरते लावावे, वर पातळ प्लास्टिक चिकटवावे आणि उन्हात ठेवावे, दर दिवशी पुसून नवे लावावे. काही डागांना आठवडा लागतो. रंगवलेले डोळे, भुवया, गाल यांना ते लागू देऊ नये, तिथला रंगही उडतो. कापडावरही पडू देऊ नये. नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन तर व्हिनाइललाच खाते.

बाहुली पहिल्या वर्षीची आहे का, हे विचारणारे खूप असतात. डाव्या कुल्ल्यावर झेवियर रॉबर्ट्स यांची सही असते. कोलेकोच्या काळात तिची शाई दर वर्षी बदलली: १९८३ला काळी, १९८४ला हिरवी, १९८५ला निळी. धुताना ती सही घासू नये, बाहुलीचे वय सांगणारा तो सर्वांत सोपा पुरावा आहे. सही नाही, अंगावर कंपनीची चिठ्ठी नाही आणि भरणाला रॉकेलसारखा वास येतो, अशी बाहुली मुलांच्या हातात देऊ नये. त्या काळी निघालेल्या नकली बाहुल्यांत ज्वालाग्राही भरण सापडले होते.

पाण्याचाच शाप १९८०च्या दशकातल्या माय लिटल पोनी या खेळण्यातल्या घोड्यालाही आहे. शेपूट आतून धातूच्या चकतीने अडकवलेले असते. अंघोळ घातली की चकती गंजते आणि शेपटाच्या मुळाशी तपकिरी डाग येतो. केस धुवायचे तर डोके खाली धरून तेवढेच धुवावे.

क्यूबबद्दल थोडेच. न सुटणारा जुना क्यूब हा बहुधा कोणीतरी खोलून चुकीचा जोडलेला असतो. ८ कोपरे आणि १२ कडा कशाही बसवल्या तर तो सुटण्याची शक्यता बारात एक. एकच कोपरा जागच्या जागी वळलेला उरला, एकच कड उलटी उरली किंवा दोनच तुकड्यांची अदलाबदल उरली, तर सूत्रे आठवत बसू नये. वरचा थर ४५ अंश फिरवावा, एक कड हळूच उचकटून काढावी, बाकीचे तुकडे आपोआप सैल होतात, आणि सुटलेल्या स्थितीतच पुन्हा जोडावेत. जड फिरत असेल तर सिलिकॉनचे तेल दोन थेंब. पेट्रोलियमची तेले प्लास्टिक ठिसूळ करतात.

खेळून झाल्यावर सेल काढून ठेवावेत, उद्या पुन्हा खेळायचे असले तरी. कॅसेट स्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवू नयेत आणि पोनी, बाहुली यांना बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये. मऊ व्हिनाइलमधून तेलकट द्रव झिरपतो, पिशवीत तो कोंडतो आणि अंग चिकट होते. सुती कापडात गुंडाळून, उन्हापासून लांब, घरातल्याच एखाद्या कपाटात ठेवावे. पोटमाळ्यावर उन्हाळ्यात तापते आणि हिवाळ्यात दमट होते, तिथे ती परत नेऊ नयेत.

आपला,
एक वाचक